घडीची सायकल आणि तिसरा मजला

घडी घालता येते म्हणून घरात आणलेल्या वस्तूंची एकदा मोजदाद करावी. पाहुण्यांसाठी घेतलेली फोल्डिंगची कॉट पाहुणे गेले तरी उभी होत नाही. दिवाळीपर्यंत तिच्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा डोंगर चढतो. फोल्डिंगच्या टेबलाखाली एकदा पापडांचे डबे सरकले की त्या टेबलाचे पाय पुन्हा मिटत नाहीत. घडी घालायची सोय आपल्याला हवी असते, घडी घालायची नसते. म्हणून जळगाव-धुळ्याकडे कुणी ‘घडीची इलेक्ट्रिक सायकल घेऊ म्हणतो’ असं म्हणालं की मी विचारतो, ती रात्री झोपणार कुठे?

लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. त्यांच्या डोक्यात रेंज असते, स्पीड असतो, स्क्रीनवर आकडे दिसतात की नाही हे असतं. स्पीडचा वाद तर कायद्यानंच मिटवलाय. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर लायसन्स नको, पासिंग नको. कायद्याच्या लेखी ६० किलो म्हणजे हलकंच. कायदा तिसऱ्या मजल्यावर राहत नाही.

साधी इलेक्ट्रिक सायकल २० ते २५ किलो भरते. रावेर-यावलकडच्या माणसाला हे किलोत सांगायची गरज नाही: केळीचा एक चांगला भरलेला घड. फरक इतकाच की घड खांद्यावर मुकाट बसतो, सायकलीचं पॅडल मात्र प्रत्येक पायरीला नडगी शोधत येतं. त्यात मोटर मागच्या चाकात असली तर मागची बाजू जड. पुढून धरली तर मागून लोंबते, मागून धरली तर हँडल वळून भिंतीचा रंग काढतं. घडी घातली म्हणजे वजन कमी होतं असाही अनेकांचा समज असतो. उलट मधली बिजागरी, तिची कडी, दांड्याचा जोड यांनी ते थोडं वाढतंच. देवपुरातले आमचे एक स्नेही अशी सायकल कौतुकानं न्याहाळून म्हणाले, “हाई तुले लई जाई भाऊ, पन हिले कोन लई जाई?” एवढा नेमका प्रश्न मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेला नाही.

घडीची खरी गरज आहे ती अपडाऊनवाल्यांना. भुसावळहून जळगावला किंवा धुळ्याहून मेमूनं चाळीसगावला रोज जाणारे मास्तर, बँकवाले, कोर्टातले कारकून. घरापासून स्टेशन दोन किलोमीटर, स्टेशनपासून ऑफिस तीन, आणि दोन्हीकडे रिक्षा भरेपर्यंत ताटकळणं. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट नेता येतं, तेव्हा वजनाचं निभावतं. भांडण जागेचं होतं. तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत चौथा बसवणारी आपली माणसं उदार आहेत, पण पाचव्या जागेवर सायकल बसवू देतील इतकी नाहीत. अशा माणसानं घडी किती सेकंदांत होते हे पाहण्यापेक्षा घडी झाल्यावर ती दाराशेजारी पाय न पसरता उभी राहते का, हे पाहावं. लंडनची ब्रॉम्प्टन यासाठीच नावाजलेली आहे. अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये ती घडवली. तिची आताची इलेक्ट्रिक आवृत्ती १७ किलोच्या आसपास आहे, पण किंमत अशी की ती मेमूत न्यायची म्हणजे सोबत राखणदारही न्यावा लागेल.

बाकीच्यांचं काय? जळगावात रिंग रोडवरून गोलाणी मार्केटला जाऊन येणाऱ्याला, धुळ्यात पांझरा ओलांडून आग्रा रोडवर बाजार करणाऱ्याला घडी कशाला हवी? त्याला मोठी चाकं हवीत. घडीच्या सायकलीची चाकं लहान, आणि आपल्याकडे नळाच्या पाइपसाठी रस्ता खोदला की तो पुढच्या पाइपापर्यंत तसाच आठवण ठेवून असतो. त्या चरात १६ इंची चाक सरळ उतरतं, २० इंची विचार करतं, २६ इंची पुढे निघून जातं. जाड टायर घेतले तर हाडं वाचतात, पण मग वजन पुन्हा घडावर आणखी एक फणी.

खानदेशात सगळ्यात आधी पाहायची गोष्ट निराळीच आहे: बॅटरी काढून घरात नेता येते का. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणून सांगतात, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना नेमका तिथेच येऊन बसतो, तोही सावलीत. पार्किंगच्या पत्र्याखाली काय होत असेल ते पत्र्यालाच ठाऊक. दुपारी घरी आल्या आल्या तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. माणसाला आपण आल्याबरोबर पाणी देत नाही, आधी जरा टेकू देतो, तसंच तिला टेकू द्यावं आणि पहाटे लावावं. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण २८० वॅट-तास. युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वीज. पॅडल मारत गेलात तर त्यावर पंचवीसेक किलोमीटर धरून चाला. जाहिरातीतला मोठा आकडा हा हलक्या माणसाचा, सपाट रस्त्याचा आणि पाठीमागून वारा असतानाचा असतो.

आणि पंक्चर. चौकातला पंक्चरवाला मागच्या चाकातून निघालेली वायर पाहतो, पान्हा खाली ठेवतो आणि म्हणतो, “हे आपलं काम नाही, शोरूमला न्या.” त्याला सांगावं, चाक उघडूच नको. टायर एका बाजूनं काढ, ट्यूब बाहेर ओढ, घमेल्यात बुडव, बुडबुडा सापडला की तिथल्या तिथे चिकटव. मग त्यालाही पटतं की ही सायकलच आहे.

माझं मत विचाराल तर रोज गाडीनं अपडाऊन असेल तरच घडीची घ्या, तीही बारीक टायरची. नसेल तर घडीचे पैसे हलक्या सांगाड्यात आणि निघणाऱ्या बॅटरीत घाला. दुकानदार ‘एक चक्कर मारून बघा’ म्हणेल. चक्कर नंतर मारा. आधी त्याच्याच दुकानाच्या पायऱ्यांवरून ती उचलून न्या, आणि एकाच हातानं न्या. दुसऱ्या हातात जेवणाचा डबा असणार आहे.