रीवर्कवाले आप्पा

काळेवाडीच्या आप्पांना आपण ओळखताच. कारण प्रत्येक चाळीत, प्रत्येक वाडीत आणि हल्ली प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दुसऱ्याच्या नोकरीची काळजी स्वतःच्या पेन्शनीहून अधिक तळमळीने वाहणारा असा एक सेवानिवृत्त गृहस्थ असतोच, आणि तो नेमका आपण घाईत असताना जिन्यात आडवा येतो. परवा पवनेचा पूल ओलांडून पिंपरी स्टेशनावर लोकल गाठण्याच्या गडबडीत मी असता आप्पांनी मला थांबवले आणि वर्तमानपत्र मागावे तितक्या सहजपणे विचारले, "साहेब, तुमच्यातला एक दोष सांगा."

"आप्पा, मला उशीर होतो आहे."

"उत्तम! हा रीवर्कला टाकू. असं म्हणायचं, की हातातलं काम मनासारखं झाल्याशिवाय मी जागचा हलत नाही, म्हणून क्वचित वेळ होतो."

लोकल गेली.

आप्पांची उभी हयात भोसरीच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपच्या तपासणीच्या टेबलापाशी गेली. तेथे मालाच्या तीनच गती असतात: निर्दोष ठरला तो पुढे जातो, पुन्हा हात फिरवल्याने सुधारण्याजोगा असेल तो रीवर्कला जातो, आणि उरलेला भंगारात. सेवानिवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार व हातात शाल-श्रीफळ घेऊन आप्पा कारखान्याबाहेर पडले खरे. परंतु तपासणीचे टेबल त्यांनी मनोमन बरोबर आणले, आणि तेव्हापासून काळेवाडी, रहाटणी व थेरगाव येथील खोल्यांतून कॉटबेसिसवर राहणारी, लातूर, बीड, जालन्याकडून आलेली समस्त बेकार तरुण प्रजा त्या टेबलावरून जाऊ लागली. दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर हा दरबार भरतो. आयटीआयचा दाखला, आधारकार्डाची झेरॉक्स आणि निदान एक दोष, एवढे घेऊन यावे, असा तेथील शिरस्ता आहे.

"मला राग लवकर येतो," एक जण कबुली देतो.

"रीवर्क! निकृष्ट काम मला पाहवत नाही, असं म्हण. अन्याय सहन होत नाही, असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. साहेबाला लगेच युनियनचा वास येतो."

"मला चारचौघांत बोलता येत नाही, आप्पा."

"रीवर्क! बोलण्यापेक्षा ऐकण्यावर माझा भर असतो, असं म्हण."

"रात्रपाळीत डुलकी लागते," असे सांगणाऱ्यापुढे आप्पाही क्षणभर विचारात पडले, आणि मग निर्णय झाला, की दोष बदलून आणावा. केवळ एका उमेदवाराला त्यांनी भंगारात काढल्याचे माझ्या स्मरणात आहे. 'माझ्यात दोषच नाही,' असे तो म्हणाला होता.

ही विद्या ओट्यापुरती राहिली असती तर तक्रार नव्हती. परंतु चिंचवडला एका मुलीकडची मंडळी मुलाच्या तंबाखूविषयी चौकशी करू लागली, तेव्हा मध्यस्थ म्हणून हजर असलेले आप्पा गंभीरपणे म्हणाले, "मुलगा धरलेली गोष्ट सोडत नाही." सोयरीक मोडली. २०१९च्या अखेरीस महापालिकेने एक दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ केला आणि सारे शहर रिकाम्या बादल्या घेऊन संतापले असता, यामुळे नागरिकांना नियोजनाची सवय लागेल, असा महापालिकेचा दोष आप्पांनी तिने न मागताच रीवर्क करून दिला. भाडेकरूंना दिव्यासाठीसुद्धा रडवणारे एक घरमालक वारले, त्या शोकसभेत 'त्यांनी आम्हांस अंधारात चालायला शिकवले' हे आप्पांचे वाक्य ऐकून मयताच्या घरच्यांनी डोळे पुसले आणि भाडेकरूंनी एकमेकांकडे पाहिले. ही मुलांना खोटे बोलण्याची शिकवणूक नव्हे काय, असा प्रतिवाद मी अनेकदा केला. आप्पा प्रतिवाद ऐकत नाहीत. निदान ऐकल्याचे दाखवीत नाहीत.

तथापि मुलाखतीत दोष विचारण्याचा हा प्रश्न आप्पांनी जन्मास घातलेला नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, टेल्को आणि बजाज यांची धुराडी व भोंगे या माळरानावर सुरू झाले, त्या काळी फिटरची परीक्षा म्हणजे शिकंज्यात धरलेला लोखंडाचा तुकडा आणि हातात कानस. तुकडा मापात उतरला की माणूस मापात उतरला. तुझी दुर्बलता कोणती, असे त्यास कोणी विचारीत नसे, कारण ती मायक्रोमीटरवर दिसत असे आणि मायक्रोमीटरची समजूत घालता येत नसे. आता चाकणला ठेकेदाराच्या कचेरीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ज्या कामाला सकाळी शिकवून दुपारी उभे करतात त्या कामासाठी, वीस वर्षांच्या पोराला त्याच्या अंतःकरणाची कैफियत विचारली जाते. 'हाती घेतलेले काम मला अर्धवट सोडवत नाही,' असे तो पोर पढवल्याप्रमाणे सांगतो. आणि २४० दिवस भरले की कायमपणाचा हक्क सांगता येतो हे ज्यांस पक्के ठाऊक असते, तेच लोक ते दिवस भरण्याआधी त्याला ब्रेक देऊन त्याच्याकडून काम अर्धवट सोडवून घेतात. या मुलाखतीत दोन्ही पक्ष खोटे बोलतात; पण पढवावे लागते ते एकाच पक्षाला.

तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्कामाला येते, तेव्हा आप्पा न चुकता दर्शनाला जातात. एका वर्षी मी बरोबर होतो. त्यांच्या उजव्या हाताला चालता चालता मी म्हणालो, "आप्पा, या माणसाने स्वतःला पतित म्हणवून आपले सारे अवगुण चव्हाट्यावर मांडले. रीवर्क केला नाही." या खेपेस त्यांनी तात्काळ ऐकले. "त्यांना नोकरी नको होती, साहेब," आप्पा म्हणाले, "आणि विठोबा काही ठेकेदार नाही."

त्या दिवसापासून मला आप्पांविषयी थोडी आपुलकी वाटू लागली. फार नव्हे, लोकल मी विसरलेलो नाही. त्यात भर पडली ती त्यांच्याच एका शिष्याने सांगितलेल्या हकिकतीने.

कारखान्यातल्या निवृत्ताला १९९५च्या योजनेखाली मिळणारी पेन्शन ही भाजीवाल्यापुढेसुद्धा उच्चारण्याजोगी रक्कम नसते. तेव्हा चाकणच्या एका ठेकेदाराकडे मुलांना घेऊन गेले असता, गेटवर ये-जा करणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायला एक माणूस हवा आहे असे कळल्यावर, आप्पांनीही अर्ज भरला. मुले एकामागून एक आत गेली आणि एकामागून एकाने तोच दोष सांगितला, तेव्हा कंटाळलेल्या तरुण अधिकाऱ्याने विचारले म्हणे, "तुम्ही सगळे काळेवाडीचेच का?" शेवटी आप्पा आत गेले. दार उघडेच होते, त्यामुळे बाहेर ओळीत बसलेल्यांना सारे ऐकू आले.

"काका, तुमची काही उणीव?"

ओळीत बसलेल्या प्रत्येकाला उत्तर पाठ होते. आप्पा म्हणाले, "डाव्या कानानं मला मुळीच ऐकू येत नाही. उजव्यानं थोडं येतं. प्रेस शॉपमध्ये गेले कान."

अधिकारी वयाने लहान होता, पण मनाने वाईट नसावा. तो म्हणाला, "चालेल की काका. म्हणजे आवाजानं तुमचं लक्ष विचलित होत नाही, असं धरू."

"नका धरू," आप्पा म्हणाले. "गेटवर ट्रक मागे घेतात. मला हॉर्न ऐकू येणार नाही. कोणी चाकाखाली आला तर?"

ज्याने जन्मभर दुसऱ्यांचा एकही जिन्नस सहसा भंगारात जाऊ दिला नाही, त्याने स्वतःच्या अर्जावर, त्या अधिकाऱ्याने दिलेला रीवर्क नाकारून, आपल्याच हाताने नामंजुरीचा शेरा मारला. त्या दिवशी मुले सर्व घेतली गेली. आप्पांनी त्यांना फाट्यावर चहा पाजला आणि वाटेत प्रत्येकाला बजावले, की मुलाखतीत माझ्यासारखा गाढवपणा कोणी करू नये.

ते अद्यापही माझी लोकल चुकवतात, आणि मला त्यांचा अद्यापही राग येतो. परंतु ज्या कोणा वाचकाच्या घरी सोमवारी मुलाखतीला जाणारा मुलगा असेल, त्याने त्याला रविवारी सकाळी काळेवाडीस धाडावे. आप्पा पैसे घेत नाहीत. मात्र ओट्यावर त्यांच्या उजव्या बाजूस बसायला त्याला आठवणीने सांगावे.