आप्पांचा डबा

धुळ्याच्या पाचकंदील भागात आप्पांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, निवडणूक आली की हँडबिलं; सगळं एकाच डब्यावर, २००१ सालच्या पेजमेकरमध्ये. डब्यात कोअर टू ड्युओ प्रोसेसर. नवा घ्या म्हटलं की आप्पा चष्म्यावरून बघतात. "कसाले? हाऊ चालस ना अजून!"

मे महिन्यात खान्देश भाजून निघतो, तेव्हा दुकानातला एकुलता टेबलफॅन डब्याचं झाकण काढून त्याच्यावर रोखलेला असतो. गिऱ्हाइकाने घाम पुसावा.

कॉम्प्युटर मरत नाही, अपडेटवाले त्याला मारतात, हे आप्पांचं ठाम मत. त्यात तथ्य आहे, हीच पंचाईत. प्रोसेसर पूर्वीइतकाच धावतो; पण नवं सॉफ्टवेअर त्याला कधी न शिकवलेली आज्ञा सोडतं आणि तो जागीच बसकण मारतो. फायरफॉक्सने पेंटियम थ्रीला असंच वाऱ्यावर सोडलं. २०२१ साली क्रोमने एसएसई-थ्री नावाच्या आज्ञा नसलेल्या प्रोसेसरांना घरचा रस्ता दाखवला, तेव्हा आप्पांनी सुतक पाळल्यासारखा चेहरा केला होता.

त्याच वर्षी विंडोज ११ आलं. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा, अशी अट. आप्पा डबा एसटीत मांडीवर घेऊन जळगावला गेले आणि गोलाणी मार्केटमधल्या एका पोराकडून, अटीला बायपास करून, अकरा मारून आले. स्वतःच्या हृदयाच्या बायपासचंही त्यांनी एवढं कौतुक कधी सांगितलं नव्हतं.

२०२४ मध्ये २४एच२ आवृत्ती निघाली. ती मारली तर डबा उठेचना.

"आप्पा, याच्यात पॉपकाउंट नाही," पोरगा म्हणाला.

"ते काय ऱ्हास?"

"बायनरी संख्येत एक हा आकडा किती वेळा आला, ते मोजायची आज्ञा."

"इतलंच? माले सांग, मी मोजी देस!"

इंटेलमध्ये ही आज्ञा आली २००८च्या कोअर आय-सेव्हनपासून. आप्पांचा डबा त्याच्या आधीचा.

शेवटी पोराने डेबियन टाकून दिलं. ते ६४-बिटच्या अगदी पहिल्या चिपांनाही अजून सांभाळून घेतं. पेजमेकरसाठी दुसऱ्या पार्टिशनवर एक्सपी, तेही इंटरनेटची वायर काढून. पत्रिका वेळेवर निघतात.

तर वाचकहो, कुणाकडे डीडीआर-टूची दोन जीबी रॅम पडून असेल तर आप्पांकडे घेऊन जा. पैसे मिळतील. घासाघीस मात्र होईल.