सहल समिती विरुद्ध अरबी समुद्र

पुण्यात समुद्र नसल्यामुळे इथल्या माणसांची समुद्राविषयीची मतं ठाम असतात. आमच्या सोसायटीच्या सहल समितीने यंदा खांदेरी-उंदेरीचा बेत मांडला आणि पहिल्याच बैठकीत ही मतं भराभर बाहेर आली. होडीत पुढे बसलं की लागत नाही. मागे बसलं की लागत नाही. समुद्र सकाळी शांत असतो, संध्याकाळी त्याहून शांत असतो आणि कोळ्यांशी नीट घासाघीस केली तर भाव निम्म्यावर येतो. ही सगळी मतं एकट्या खजिनदारांची होती. त्यांचा समुद्राशी आलेला निकटचा संबंध म्हणजे चौपाटीवरची भेळ.

बेत अचानक सुचलेला नव्हता. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या संध्याकाळी आमच्या व्हॉट्सॲप गटावर बारा किल्ल्यांच्या याद्यांचा पाऊस पडला आणि जवळजवळ प्रत्येक यादीत सिंहगड होता. सिंहगड यादीत नाही, हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पुराव्यासह दाखवून दिलं, तेव्हा युनेस्कोला निषेधाचं पत्र पाठवायचं ठरलं. पत्राचा मसुदा अजून शुद्धलेखनासाठी काकूंकडेच आहे. मात्र यादीत खांदेरी आहे, ती पाण्यात आहे आणि तिथे होडीने जावं लागतं, एवढं सर्वांच्या लक्षात राहिलं. त्याआधीची आमची वार्षिक सहल घसरगुंड्यांच्या पाण्यात झाली होती. त्यामुळे जलदुर्ग ही त्याचीच पुढची पायरी आहे, असं अध्यक्षांनी प्रास्ताविकात सांगितलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: अलिबागच्या उत्तरेला थळ नावाचं गाव आहे. त्याच्या समोर किनाऱ्याजवळ उंदेरी आणि तिच्या पलीकडे, आणखी आत, खांदेरी. मुंबई बंदरात शिरणारं जहाज इथून दिसतं. म्हणूनच शिवाजी महाराज, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांनाही ही दोन खडकाळ बेटं हवी होती. आमच्या बैठकीत या भूगोलावर एकच प्रश्न आला: तिथे स्वच्छतागृह आहे का?

मग उपसमित्या नेमल्या. भोजन, टी-शर्ट, छायाचित्रण, मनोरंजन आणि शिस्त. समुद्रासाठी उपसमिती नेमावी असं कोणाच्या मनात आलं नाही. तो तिथे असणारच होता.

टी-शर्ट उपसमितीने सर्वांत आधी काम संपवलं, याची नोंद घ्यायला हवी. भगव्या कापडावर ‘आम्ही दर्याचे मावळे’ अशी अक्षरं आणि खाली पाण्यातून उभ्या राहिलेल्या बुलंद तटबंदीचं चित्र. चित्र देखणं होतं यात शंका नाही. फक्त ते मुरुडच्या जंजिऱ्याचं होतं. म्हणजे जो किल्ला मराठ्यांना अनेक मोहिमा करूनही सिद्दीकडून घेता आला नाही, तो आम्ही छपाईखर्चात छातीवर घेतला. चूक दाखवल्यावर उपसमितीने खुलासा केला की खांदेरीच्या छायाचित्रांत तट फारसा उठून दिसत नाही, दीपगृहच डोळ्यांत भरतं, आणि दीपगृह छापलं तर लोक आपल्याला वीजमंडळाचे समजतील. खुलासा मंजूर झाला. टी-शर्ट परत घेतले जाणार नाहीत, अशी ओळही ठरावात आली.

भोजन उपसमितीत मात्र फूट पडली. एका गटाला थळच्या कोळणीकडून ताजे बोंबील आणि पापलेट हवं होतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, होडीत पोट ढवळतं तेव्हा पोटात दहीभात असावा. तिसरा गट बटाटेवड्यांचा. पुण्यात कोणत्याही वादात तो असतोच. शेवटी तिन्ही नेण्याचं ठरलं आणि त्यासाठी स्टीलचे दोन पिंप, एक गॅसची शेगडी आणि एक घडीचं टेबल अशी यादी तयार झाली. हे टेबल होडीत कुठे ठेवायचं, असं मी विचारलं. “मधोमध,” उपसमिती म्हणाली.

परवानगीचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं निघालं, आणि इथे मला समितीची खरोखर दया आली. खांदेरीचं बेट मुंबई बंदराच्या ताब्यातलं. १९९८ मध्ये त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं. बेटावरचं दीपगृह इंग्रजांनी १८६७ मध्ये उभारलं, ते आता केंद्राच्या दीपगृह खात्याकडे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली. वारसा जगाचा. आणि बेटावर वेताळाचं देऊळ आहे, तो वेताळ कोळ्यांचा. आता तीस माणसं आणि दोन पिंप नेण्यासाठी यांपैकी कोणाला अर्ज करायचा? चिटणिसांनी सर्वांना एकच अर्ज पाठवायचं ठरवलं, वरच्या ओळीत फक्त ‘मा. महोदय’ लिहून. वेताळाला अर्ज गेला नाही. एका अर्थी खरा निर्णय त्याच्या माणसांकडूनच यायचा होता, पण ते पुढे.

मनोरंजन उपसमितीने इतिहासाचं व्याख्यान ठेवलं होतं, होडीत, जाताना, पंधरा मिनिटं. व्याख्याते म्हणून माझं नाव घातलं, कारण मानधन घेणार नाही अशी खात्री. तयारी म्हणून मी वाचायला बसलो आणि तिथेच माझा सहलीतला उत्साह मावळला. इतिहासातली माणसं आमच्या समितीपेक्षा फारच निराळ्या पद्धतीने बेटावर गेली होती.

१६७२ मध्ये महाराजांनी खांदेरीवर काम सुरू केलं, पण इंग्रज आणि सिद्दी आडवे आले आणि ते राहिलं. १६७९ मध्ये त्यांनी मायनाक भंडारी यांना पाठवलं. वेळ कोणती निवडली? पावसाळ्याची अखेर. दर्या अजून खवळलेला, मोठी गलबतं बंदरात बांधलेली, मुंबईकर इंग्रज निवांत. इंग्रजांना कळेपर्यंत बेटावर माणसं उतरली होती आणि दगडावर दगड चढू लागला होता. मग इंग्रजांनी वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. पण रात्र झाली की थळ आणि नागावच्या बाजूने छोट्या होड्या वल्हवत निघायच्या, उथळ पाण्यातून, खडकांच्या मधून, आणि धान्य-दारूगोळा बेटावर टाकून उजाडायच्या आत परत. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजं जागच्या जागी डुलत राहायची आणि होड्या त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जायच्या. १८ ऑक्टोबर १६७९ ला महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने उजाडता उजाडता हल्ला चढवला, तेव्हा इंग्रजांचं ‘डोव्हर’ नावाचं गुराब सापडलं, ‘रिव्हेंज’ तेवढं झुंजत राहिलं आणि त्यांच्या बाकीच्या होड्यांनी पळ काढला. पुढच्या जानेवारीत सिद्दीने उंदेरी बळकावली आणि तिथून खांदेरीवर तोफा डागू लागला. इंग्रजांनी मात्र तह करून अंग काढून घेतलं. १७१८ मध्ये मुंबईच्या चार्ल्स बून या गव्हर्नराला पुन्हा हुक्की आली. तोही खांदेरीहून हात हलवत परतला.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. माझा मुद्दा एवढाच होता की त्या लोकांनी आधी पाणी पाहिलं आणि मग तारीख ठरवली. समितीने माझे आभार मानले आणि व्याख्यान पंधरावरून सात मिनिटांवर आणलं.

आता तारखेचं ऐका. आधी ठरलेला रविवार शुक्ल चतुर्दशीचा होता. कोणी पंचांग पाहून ठरवला नव्हता, भिशीचा रविवार सोडून जो उरला तो. नशीब असं की तो चांगला होता. कोकणातला लहान पोरगाही सांगेल तो ढोबळ हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे आम्ही वडखळची वाहतूक पार करून, खोपोलीचा चहा धरून थळला पोचलो असतो तेव्हा किनाऱ्याला भरपूर पाणी असतं. पण समितीतल्या एका सदस्याच्या भाचीचा साखरपुडा त्याच दिवशी निघाला आणि सर्वानुमते सहल ‘फक्त आठवडाभर’ पुढे गेली.

भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. सात दिवसांत ती साधारण सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी दुपारी भरती असेल तर पुढच्या रविवारी दुपारी ओहोटी. फक्त आठवडाभर पुढे जाऊन आमच्या समितीने अरबी समुद्र उलटा करून ठेवला होता. कृष्ण षष्ठीची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचार आणि मग संध्याकाळी. आम्ही थळला उतरू तेव्हा पाणी सगळ्यात खाली गेलेलं आणि होड्या वाळूवर कलंडलेल्या.

हे समितीला मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, म्हणून चिटणिसांनी थळच्या तांडेलाला फोन लावला तेव्हा स्पीकर चालू करायला लावला. संभाषण असं झालं.

“तांडेल, आम्ही येत्या रविवारी येतोय. तीस माणसं. साडेदहाला होडी तयार ठेवा.”

“साडेदाला पानी नाय, सायब. दुपार उलटली की या.”

“दुपारी नको हो, लहान मुलं आहेत, ऊन होतं.”

“दुपारी वारा पन चढतो. खांदेरीला धक्का हाय, तिथं लावीन कशीबशी. उंदेरीचं मी नाय सांगत.”

“उंदेरीचं का नाही? पैसे दोन्ही बेटांचे ठरलेत.”

“तिथं धक्काच नाय. खडकाला होडी नेऊन उडी मारायची. लाट असली तर नाय होत. पोरं हायेत म्हनता ना?”

“अहो, पण आमचा रविवारच मोकळा आहे!”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, “तुमचा असंल. पाण्याचा नाय.”

फोन ठेवल्यावर अध्यक्ष म्हणाले, हा माणूस भाव वाढवायला बघतोय. खजिनदारांनी दुसरा तांडेल शोधावा अशी सूचना केली, कारण व्यवसायात स्पर्धा असली की ओहोटीसुद्धा कमी होते असा त्यांचा अनुभव असावा. दुसऱ्या तांडेलानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने टेबलाविषयी ऐकून फोनच ठेवला. मग शिस्त उपसमितीने ठराव मांडला की तांडेलांनी परस्पर संगनमत केल्याचं दिसत असून समिती त्याबद्दल खेद व्यक्त करते. ठराव एकमताने मंजूर झाला, मी तटस्थ.

या गडबडीत एक गोष्ट मात्र कोणालाही विचारायची राहून गेली: बेटावर जाऊन करायचं काय? खांदेरीवर दोन टेकड्या आहेत, लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत. दगडाने ठोकलं की धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. समुद्राच्या बाजूच्या दगडांवर कालवं चिकटून त्यांच्या कडा पात्यासारख्या झालेल्या असतात, तिथे चपलेशिवाय पाय टाकायचा नाही. तटावर उभं राहिलं की उत्तरेला मुंबईकडे जाणारी जहाजं दिसतात आणि मग वर्षानुवर्षं या दोन खडकांसाठी माणसं का भांडली हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. छायाचित्रण उपसमितीच्या यादीत यातलं फक्त खडकाचं नाव होतं, तेही ‘रील’ या सदराखाली. तीस माणसांनी तो आळीपाळीने वाजवायचा, प्रत्येकी वीस सेकंद.

काल रात्री शेवटची बैठक झाली. परीक्षा, लग्नं, मे महिन्यातलं गावाला जाणं आणि खजिनदारांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सर्व वगळून एक रविवार असा सापडला की त्या दिवशी सोसायटीतलं प्रत्येक कुटुंब मोकळं आहे. तो जूनच्या मध्यावर आहे. १ जूनपासून राज्यात मासेमारीला बंदी असते, म्हणजे कोळ्यांच्या होड्या रिकाम्याच उभ्या असणार आणि भाव पाडून मिळेल, असं खजिनदारांनी दाखवून दिलं. टाळ्या पडल्या. मायनाक भंडारीही पावसाळ्यातच गेले होते, हा माझ्या व्याख्यानातला एकमेव मुद्दा समितीने उचलला आणि तो ठरावात संदर्भ म्हणून घातला.

थळच्या तांडेलाला अद्याप कळवलेलं नाही. ज्यांना वर्गणी परत हवी असेल त्यांनी खजिनदारांना ३१ मेच्या आत भेटावं. टी-शर्टचे पैसे त्यातून कापले जातील.