वढा हजर, दरवाजे गैरहजर

कळमनुरी तालुक्यात सर्वांत शिस्तीचा नोकर कोण, असं विचाराल तर मी आमच्या गावालगतच्या वढ्याचं नाव घेईन. मृगाच्या मागेपुढे हजर होतो, दिवाळीच्या सुमारास रजेवर जातो. पगारवाढ मागत नाही, बदलीसाठी कुणाची चिठ्ठी आणत नाही. कामाला मात्र वाघ. एका रात्रीत फरशी पूल बुडवतो, शाळेला सुट्टी देतो आणि एसटीला पलीकडच्या काठावरूनच माघारी धाडतो.

या गड्याला अडवायला कोल्हापुरी बंधारा बांधला. त्याचं शास्त्र सोपं. पावसाळ्यात दरवाजे काढलेले. पूर आणि गाळ वाहून जातो. परतीचा पाऊस ओसरला की दरवाजे बसवायचे. मागचं पाणी तुंबतं, हरभऱ्याला एखाद-दोन पाळ्या मिळतात. घोटाळा फक्त तारखेचा आहे. वढा वाहतो तेव्हा दरवाजे गोदामात, अन् दरवाजे येतात तेव्हा वढ्यात पोरांचं क्रिकेट.

मागच्या साली दरवाजे वेळेवर आले, तर रबराची पट्टीच नव्हती. फटींतून पाणी पिचकाऱ्या मारायला लागलं. गावकऱ्यांनी सोयाबीनची गुळी काळ्या मातीत कालवून फटींत कोंबली. साहेब खूश झाले. "लोकसहभाग उत्तम," म्हणाले. फोटो निघाला. गुळी दोन दिवसांत सुटली, फोटो अजून टिकून आहे.

योजनांचा दुष्काळ मात्र आम्हाला कधीच पडला नाही. 2014 साली जलयुक्त शिवार आलं, 2022 साली 'चला जाणूया नदीला'. जाणायचं काय राहिलंय? आमचा वढा कयाधूला मिळतो, कयाधू पैनगंगेला, ती वर्धेला. पुढं प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. पट्टीच्या मागणीचा कागद मात्र कळमनुरीहून हिंगोलीला पोचला की नाही, याचीच चौकशी चालू आहे. इसापूरचं एवढं मोठं धरण तालुक्याच्या हद्दीला लागून. आमच्या वाट्याला उन्हाळ्यात टँकरची रांग.

म्हणून साहेबांना हात जोडून एकच विनंती. नवी योजना नको, नारळही नको. पाऊस परतला की त्याच आठवड्यात दरवाजे आणि पट्ट्या बंधाऱ्यावर आणून टाका. बसवायला आम्ही येतो. वढा थांबायला तयार आहे, पण त्याला तुमच्या सहीपर्यंत थांबता येत नाही.