ओळखपरेड

नव्या मुख्याध्यापकांचा सत्कार त्यांनी काहीही करण्याआधीच उरकून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. पद्धत शहाणपणाची आहे. पुढे तशी संधी येईलच, याची खात्री कोणी द्यावी?

जूनमधली पहिली पालकसभा. सातवीच्या मुली स्वागतगीत म्हणतात, संस्थेचे पदाधिकारी शाल-श्रीफळ देतात आणि नवे सर माइकवर फुंकर मारून स्वतःची ओळख करून देतात. शिक्षण एम.एस्सी., बी.एड., सेवा पाव शतकाची, त्यातली काही वर्षे दुर्गम भागात. आवड वाचनाची. ही शाळा नव्हे, हे एक कुटुंब आहे, असे सांगून कुटुंबप्रमुख खिशातून कागद काढतात. त्याचे शीर्षक ‘पालकांकडून अपेक्षा’. कागदाची दुसरी बाजू कोरी असते.

मुलगा वेळेवर आला पाहिजे, घंटेनंतर फाटक उघडणार नाही. केस बारीक हवेत. बूट काळेच हवेत, गणवेश अमुक दुकानातच मिळेल. मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, आणि हो, गृहपाठ रोज ग्रुपवर येईल. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. कुटुंबाचाच ग्रुप तो, बाकीच्यांनी अंगठा दाखवायचा. शिक्षकांना भेटायचे असेल तर गुरुवारी तीन ते चार. सहावी ते आठवी हे वय फार नाजूक असते, असेही सर सांगतात. हे वाक्य सगळ्या मुख्याध्यापकांना नेमणूकपत्रासोबतच मिळत असावे.

मग सरांचा आवाज मऊ होतो. “आमच्या शाळेत आम्ही छडी पूर्ण बंद केली आहे.” मागच्या रांगेतले दोन बाबा हळहळतात, पुढच्या रांगेतल्या आया टाळ्या वाजवतात. सर टाळ्या नम्रपणे स्वीकारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. तेव्हा टाळ्या वाजवायच्याच तर संसदेसाठी वाजवा. सिग्नलला थांबलो म्हणून कोणी आपला सत्कार करत नाही. शिवाय त्या कलमातला दुसरा अर्धा भाग सर वगळतात. वर्गात उभे करून ‘याच्या डोक्यात बटाटे भरलेत’ म्हणायला छडी लागत नाही.

मऊपणा फार टिकत नाही. कागदाच्या तळाशी खरी ओळ असते: बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही, प्रसंगी दाखला हातात दिला जाईल. सभागृह गप्प होते. दाखला या शब्दाला मराठी पालक जेवढा घाबरतो तेवढा समन्सलाही घाबरत नाही. आता त्याच कायद्याचे सोळावे कलम पाहा. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मध्ये केंद्राने हे कलम बदलले, पण ते नापास करण्यापुरते. महाराष्ट्राने त्याचा आधार घेऊन २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. जो अनुत्तीर्ण होईल त्याला फेरपरीक्षा, तीही सुटली नाही तर त्याच वर्गात पुन्हा. घरी पाठवण्याची मुभा तेव्हाही नव्हती, आजही नाही. म्हणजे सरांची ही अपेक्षा नव्हे, पोकळ धमकी आहे. पण ती छापील असल्यामुळे चालते.

कोऱ्या बाजूवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक. मुलगा गैरहजर राहिला तर पालकांनी चिठ्ठी द्यायची. गणिताचे सर मतदार यादीच्या कामावर गेले, तर चिठ्ठी कोणी कोणाला द्यायची? दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, असा शासनाचा आदेश आहे. फाटकावर उशिरा येणाऱ्यांची नोंद घेणारा शिपाई असतो, वजनकाटा नसतो.

सरांवर सगळा राग काढणे बरोबर नाही. वेतन देयके, यू-डायसची माहिती, पोषण आहारातल्या तांदळाचा हिशेब, कुठल्या तरी अभियानाचे फोटो आजच्या आज अपलोड करा असा दुपारी आलेला निरोप, यातून उरलेल्या वेळात ते मुख्याध्यापक असतात. त्यांच्याकडून अपेक्षा करणारे वरती इतके आहेत की त्यांनाही कोणाकडून तरी अपेक्षा करावीशी वाटणे साहजिक आहे. पालक हाताशी असतात, आणि सतरंजीवर बसलेले असतात.

पण या सतरंजीवर बसलेल्यांना कायद्याने खुर्ची दिली आहे, हे सभेत कोणीच सांगत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा करणे, मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे. अल्पसंख्याक आणि इतर अनुदानित शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते, एवढाच फरक. विनाअनुदानित शाळेला ही समिती नाही, पण तिथे महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि फीवाढ तिच्यापुढे यावी लागते. प्रत्यक्षात काय होते? जूनमध्ये एका कागदावर सह्या घेतल्या जातात. “ताई, इथे फक्त सही करा.” ताई सही करतात, आणि आपण सदस्य झालो हे त्यांना वर्षभर कळत नाही. ज्यांनी मुख्याध्यापकांना प्रश्न विचारायचे, त्यांना मुख्याध्यापकच बोलावतात, बसवतात आणि चहा देऊन घरी पाठवतात.

सभेच्या शेवटी नवे सर नियमाप्रमाणे विचारतील, “कोणाला काही शंका?” बुटांच्या रंगाबद्दल विचारू नका, तो काळाच आहे. हात वर करा आणि विचारा: समितीचे अध्यक्ष कोण आहेत, ते या सभागृहात आहेत का, आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त कुठे वाचायला मिळेल?