जुन्या दुखण्यात रात्र कशी काढावी: जालना जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

दीर्घ आजारातला निद्रानाश म्हणजे अंग मोडून आलेले, डोळे जड झालेले आणि झोप मात्र दुसऱ्याच्या खाटेवर, अशी अवस्था. शुगर, संधिवात आणि दमा हे तिचे नेहमीचे पुरवठादार. शुगर वाढली की मूत्रपिंडे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, तिच्याबरोबर पाणीही जाते, म्हणून रात्रीच्या फेऱ्या वाढतात. संधिवाताचा ताठरपणा आणि दम्याची धाप, दोन्ही पहाटेच गाठतात. तिन्ही दुखणी असलेल्या घरात गजर लावावा लागत नाही.

अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या पट्ट्यात कृषिपंपांना पाळीने दिवसा किंवा रात्री वीज मिळते. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात निद्रानाश आजारात नव्हे, शेतकामात मोजला जातो. जो तसाही जागाच आहे त्यालाच मोटार चालू करायला पाठवावे, हे घरच्यांना लगेच सुचते. जावे, पण जुन्या शुगरने पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून पायात बूट, हातात बॅटरी. बूट आधी झटकावेत. आत विंचू असला तर त्या रात्रीपुरता झोपेचा विषयच मिटतो.

या विषयातला खरा तज्ज्ञ म्हणजे घरातला गाढ झोपणारा माणूस, बहुधा रुग्णाचा धाकटा भाऊ. उशीला डोके टेकताच तो घोरू लागतो आणि सकाळी चहाबरोबर उपाय सांगतो: जायफळ घालून दूध घ्या, तळपायाला तेल चोळा, विचार करू नका. पहिल्या दोन्हींनी नुकसान नाही, दुधात साखर नसली म्हणजे झाले. तिसरा कसा करायचा हे त्याला सांगता येत नाही, कारण विचार करण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नाही. घोरता घोरता त्याचा श्वास अडकत असेल तर त्यालाच डॉक्टरांकडे न्यावे. यात रुग्णाला थोडे समाधानही मिळते.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडावे, डोळे मिटू लागल्यावरच परतावे, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेली ही रीत आजही वापरात आहे. मात्र दोन खोल्यांच्या घरात अंथरूण सोडून जायचे कुठे, ही अडचण जालन्याची. ओसरीवर बसले की आतून “काय झालं?” येते, पाठोपाठ चहा येतो. तो नाकारावा. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश पाचेक तास अंगात राहतो.

लघवी वाढवणारी बीपीची गोळी आणि स्टिरॉइड शक्यतो सकाळी घेतात. वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

रात्री घाम फुटून, हात थरथरून जाग आली तर तो निद्रानाश धरू नये. बहुधा शुगर उतरलेली असते. मशीनवर आकडा 70 च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. पेल्यात चमचा वाजला की तोच भाऊ ताडकन उठतो आणि मशीन हातात घेऊन शेजारी बसतो. रेल्वेच्या शिटीने न हलणारा माणूस चमच्याने कसा उठतो, ते कोणत्याही पुस्तकात नाही. उठतो खरा.

दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासात उरकावी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा नियम जिल्ह्यात कोणीच पाळत नाही.