मिटलेली जास्वंद

निवृत्त माणसाने थंडीत काय करावं हे कोणी सांगत नाही. काय करू नये हे मात्र घरातले सगळे सांगतात. म्हणून मी कोणाला न विचारता क्रेप कागद, तार आणि कात्री घेऊन बसलो.

"अहो, मार्केट यार्डात शेवंतीचे ढीग लागलेत आणि तुम्ही कागदाची फुलं करताय?"

हिचं म्हणणं रास्त होतं. बाग बर्फाखाली जाते त्या देशांत हा उद्योग शोभतो. पुण्यात ऐन पौषात कागदी फुलं करणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडणं. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. कागदी फुलांची खरी गरज गणपतीत, आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी ओली की डिंक वाळत नाही, क्रेप मान टाकतो आणि त्याचा लाल रंग बोटांवरून सदऱ्यावर येतो. हे काम कोरड्या थंडीतच करावं. सदऱ्याचा उल्लेख केला नसता तर बरं झालं असतं.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही गुलाब करायचो. पट्टी गुंडाळायची, खाली दोरा आवळायचा, की झाला गुलाब. कोबी म्हणूनही तो खपला असता. आता मात्र हुबेहूब करायचं ठरवलं आणि कुंडीतली जास्वंद समोर ठेवली. चाळीस वर्षं देवाला हे फूल वाहतोय, पण पाकळ्या पाच की सहा, हे मोजल्याशिवाय सांगता येईना. पाच निघाल्या. प्रत्येकीची एक कड शेजारणीवर आणि दुसरी शेजारणीखाली, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. मधल्या दांडीच्या टोकाला पाच लाल ठिपके. देठाशी हिरव्या पेल्याखाली बारीक हिरव्या पात्यांची आणखी एक झालर, जी मी जन्मात पाहिली नव्हती.

क्रेपच्या सुरकुत्या पाकळीच्या लांबीत उभ्याच हव्यात. मग दोन्ही अंगठ्यांनी मध्यभागी हलकेच ताणलं की कागदाला वाटीसारखा खोलगटपणा येतो. आडव्या धरल्या तर पाकळी पोटातून फुगतच नाही, नुसती लांबोडकी होते. हे कळेपर्यंत माझी अकरा फुलं केराच्या टोपलीत गेली होती.

धीर आला तो मेरी डिलेनी या इंग्रज बाईंमुळे. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांना जिरेनियमच्या फुलाच्या रंगाचा कागद हाती लागला आणि त्यांनी पाकळ्या कापायला घेतल्या. ज्या डचेसबाईंकडे त्या पाहुण्या होत्या, त्यांना वाटलं की खऱ्याच पाकळ्या आहेत. पुढच्या दहा वर्षांत, दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत, त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर कागदाचे चिमुकले तुकडे चिकटवून ९८५ झाडं-फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. म्हणजे अजून उमेदवारीच!

बारावी जास्वंद साधली. एका पाकळीच्या कडेला मुद्दाम किडीने खाल्ल्यासारखा कातरा दिला, कारण कुठेच डाग नसलेलं फूल आपल्याला लग्नाच्या कमानीवरच दिसतं. गुपचूप देव्हाऱ्यात गणपतीसमोर ठेवली. दिवसभर कोणी हूं की चूं केलं नाही. मी मनात ब्रिटिश म्युझियमचं तिकीट काढून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही देव्हाऱ्याशी थबकली. "जास्वंद मिटली कशी नाही हो?"

एका दिवसाचं फूल ते. रात्रीतून स्वतःला पिळून घेऊन गळतं. माझं मात्र टवटवीत चेहऱ्याने उभं होतं, सहीसलामत आणि साफ पकडलेलं.

मग तीन दिवस मी मिटलेली जास्वंद केली. उमललेलीपेक्षा अवघड. पाकळ्या एकमेकींत पिळायच्या, पण आवळायच्या नाहीत. कडांना चहाचं पाणी लावून तपकिरी झाक आणायची. देठ किंचित कललेला. रात्री झाली तेव्हा हिला दाखवावी असं वाटलं, पण ती झोपली होती. देव्हाऱ्यात ठेवून दिली.

सकाळी उठून पाहिलं तर देव्हारा स्वच्छ. ताजी फुलं, ताजा दिवा.

"कालची फुलं कुठायत?"

"निर्माल्यात टाकली. का हो?"

मी काही बोललो नाही. पिशवी उघडून शोधायला बसलो. वाळकी शेवंती, झेंडू, दूर्वा, आणि तीन मिटलेल्या जास्वंदी. माझी कोणती, हे बराच वेळ मलाही कळेना.